टेकडीचं झाड आणि मामंजींची खुर्ची

आमच्या ह्यांना सगळी गल्ली 'डॉक्टर' म्हणते. शिक्षण दहावीपर्यंतच, पण एकतीस वर्षं एकाच नर्सरीत काढलीत. लोक पिवळी पडलेली पानं रुमालात गुंडाळून ह्यांच्याकडे आणतात. हे पान उलटं करतात, नखाने खरवडतात, नाकाशी धरतात आणि समोरच्या बाईला विचारतात, "पाणी किती वेळा घालता?" ती म्हणते, दोनदा. "मग ते बुडून मरतंय, बाई. जरा विसरायला शिका त्याला." शिवाय रोप नेणाऱ्या प्रत्येकाला बजावतात, की नुसती पिशवी काढून खड्ड्यात ठेवू नका, बुडाशी गुंडाळलेली मुळं ब्लेडने कापून मोकळी करा, नाहीतर ती जन्मभर गोल गोल फिरत बसतील. दिवसातून दहा वेळा सांगतात. मला ते झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवता येईल.

आमचं आणि धाकट्या दिरांचं घर समोरासमोर आहे. मधे अंगण एकच, कुंपण नाही. दीर बस चालवतात. अंगणाच्या टोकाला मामंजींची खोली. तिथे ते पूर्वी दारं-खिडक्या करायचे. आता हात थरथरतात, म्हणून हत्यारं तेल लावून पेटीत ठेवलीत, आणि स्वतः केलेल्या शेवटच्या खुर्चीत बसून ते अंगणात दिवस काढतात. त्यांचं जेवण एक महिना आमच्याकडे, एक महिना जावेकडे. जेवणाची वाटणी झाली होती. खुर्चीची झाली नव्हती, आणि सगळं दुखणं तिथेच होतं.

खुर्ची उन्हाप्रमाणे फिरायची. सकाळी आमच्या भिंतीची सावली, दुपारनंतर दिरांच्या. ह्यांना सुटीच्या दिवशी दुपार झाली की चैन पडायचं नाही. "बाबा आज लवकर तिकडे गेले," असं म्हणायचे, जणू म्हातारा परगावी गेला.

नऊ वर्षांपूर्वी मामंजी एकदा टेकडीवर जाऊन आले आणि दोन्ही मुलांना समोर उभं करून प्रत्येकाच्या तळहातावर चार-चार बिया ठेवल्या. टेकडीवर पाण्याच्या टाकीमागे त्या बियांची झाडं आहेत. त्यांना कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, दगडातून वर येतात आणि बारा महिने हिरवीगार असतात. आम्ही सगळे त्याला नुसतं टेकडीचं झाड म्हणतो. मामंजी म्हणाले, "अंगणात सावली करा. पानं झडणारं झाड नको मला. भिंतीमागे पळून पळून पाय दुखतात."

दिरांनी त्याच संध्याकाळी, अंगावरचा खाकी शर्टही न काढता, त्यांच्या ओट्याच्या कोपऱ्याशी बोटाने खळगा केला, चारही बिया आत टाकल्या, बुटाने माती सारली आणि जाऊन झोपले. हे ओट्यावर उभे राहून बघत होते. आत येऊन मला म्हणाले, "बस चालवणं वेगळं आणि झाड लावणं वेगळं."

ह्यांनी आपल्या बिया नर्सरीत नेल्या. चाळलेली माती, शेणखत, वर हिरवी जाळी. चारातली तीन रोपं काढून टाकली आणि सगळ्यात देखणं ठेवलं. दरवर्षी त्याला जरा मोठी काळी पिशवी. जमिनीत लावा म्हटलं की म्हणायचे, "अजून तयार नाही." गिऱ्हाइकं विकत मागायची, आणि हे मान हलवून म्हणायचे, "ते घरचं आहे." मुलीला चांगलं स्थळ येऊनही बाप अडून बसतो ना, तशी तऱ्हा. तीन वर्षांत रोप माझ्या डोक्याच्याही वर गेलं. पानं अशी चकाकायची की वाटावं, कोणी पुसून ठेवलीत.

आणि समोर? वीतभर काडी, पाच पानं. जाऊ भांडी विसळलेलं पाणी आठवलं तर तिकडे फेकायची, नाही आठवलं तर नाही. मी तिला म्हटलंसुद्धा, "अगं, ते जिवंत आहे की खुंटी ठोकलीय?" ती हसली. मीही हसले, पण माझं हसणं चांगलं नव्हतं, हे आज कबूल करते.

आमचं झाड अंगणात लावलं त्या दिवशी ह्यांनी रजा घेतली. कमरेइतका खड्डा, अर्धा खताने भरलेला. पिशवी कापली, गोळा अलगद खाली ठेवला, माती लोटली. आठवड्याभरात मामंजींची खुर्ची आमच्या झाडाखाली आली, आणि दुपार झाली तरी हलेना. दोन वर्षं! मी चहा नेऊन द्यायचे तो जरा मोठ्या आवाजात. "मामंजी, चहा घ्या," हे समोरच्या स्वयंपाकघरात ऐकू गेलं पाहिजे असं. हे नर्सरीतून आले की आधी खुर्ची बघायचे, मग चपला काढायचे.

मग समोरच्या काडीने मनावर घेतलं. तिसऱ्या वर्षापर्यंत ती सगळी ताकद खाली घालत होती म्हणे, सोटमूळ लांबवत होती. हे आता सांगतात. तेव्हा मात्र ती एका उन्हाळ्यात कमरेला आली, दुसऱ्या उन्हाळ्यात दाराच्या चौकटीला, आणि आमचं जिथल्या तिथे. पिवळंही पडायला लागलं. ह्यांनी पाणी वाढवलं. खत वाढवलं. पहाटे उठून पानं ओल्या फडक्याने पुसली. गिऱ्हाइकाला जे करू नका म्हणून झापायचे ते सगळं घरी केलं. मी एकदा म्हटलं, "अहो, जरा विसरा की त्याला." तर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

एका रविवारी दीर ड्युटीवर आणि जाऊ बाजारात गेलेली बघून हे माझी शिवणाची टेप घेऊन समोर गेले. टेपचं दुसरं टोक कोणी धरलं होतं? मी. खोडाचा घेर आमच्यापेक्षा सव्वादोन इंच जास्त. ह्यांचा चेहरा पडला. मग माती हुंगली, मग न्हाणीघराचा पाइप गळतोय का बघायला खुरप्याने खणायला लागले, आणि नेमकी जाऊ पिशव्या घेऊन दारात.

"काय शोधताय, दादा?"

"उंदराचं बीळ दिसलं," हे म्हणाले.

संध्याकाळी दीर आले तेव्हा ह्यांना राहवलं नाही. "काय घालतोस रे त्याला?"

"काही नाही, दादा."

"काहीतरी घालतच असशील."

"खरंच काही नाही."

ते 'काही नाही' ह्यांना इतकं झोंबलं की रात्रीचं जेवण गेलं नाही. चोरून काही घालत असते तर चाललं असतं. एकतीस वर्षांची अक्कल एकीकडे आणि 'काही नाही' एकीकडे! दुसऱ्या दिवशी ह्यांनी अंगणाच्या मधोमध विटांची एक ओळ लावली. कशाला, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण निम्म्या विटा मीच आणून दिल्या होत्या. नवऱ्याला ताप आला की बायकोला येतो, तसं झालं होतं. जावेच्या घरातून नुसता हसण्याचा आवाज आला तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या उन्हाळ्यात खुर्ची हलली. आज हातभर, उद्या हातभर, आणि एक दिवस मामंजींनी ती उचलून विटांच्या पलीकडे, दिरांच्या झाडाखाली नेऊन ठेवली. हे ओट्यावर दाढी करत होते. हनुवटी कापली.

पुढची गोष्ट सांगायला लाज वाटते. दोन वर्षांनी पुन्हा एका रविवारी हे मामंजींच्या पेटीतली करवत घेऊन समोरच्या झाडापाशी उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. झाडाला वळण द्यायचं म्हणे. पण हात खालच्या फांदीवर नव्हता, खोडावर होता. मामंजी तिथेच खुर्चीत होते. त्यांनी डोळे उघडले, करवतीकडे बघितलं आणि म्हणाले, "ती माझी आहे. पुसून जागेवर ठेव." एवढंच. ह्यांनी ठेवली.

पंधरा दिवसांनी वारा सुटला. वादळ वगैरे नाही, वाळत घातलेले कपडे उडतील एवढाच. आणि आमचं झाड सावकाश कलंडलं आणि आडवं झालं. मोडलं नाही. बुडापासून अख्खं उपटून आलं.

आम्ही धावत गेलो. मुळांचा गोळा वर आला होता आणि तो अजूनही पिशवीच्याच आकाराचा होता, तसाच गोल, तसाच तळाशी चपटा. इतक्या वर्षांत एक मूळ बाहेर गेलं नव्हतं. खत आतच इतकं मिळत होतं, तर जातील कशाला? मनगटाएवढं एक मूळ खोडाभोवती फिरून त्याचाच गळा आवळून बसलं होतं. हे मातीत मांडी घालून बसले. मला वाटलं आता वाऱ्याला, मातीला, भावाला शिव्या घालतील. पण ते त्या मुळावर बोट फिरवत राहिले.

"मुळं कापायची होती," ते म्हणाले. "ब्लेड खिशात होतं माझ्या. हात झाला नाही गं. तीन वर्षं वाढवलेलं..."

दीर कामावरून आले. त्यांनी काही विचारलं नाही, बाह्या सरसावल्या आणि शेंड्याकडचं टोक धरलं. दोघांनी मिळून झाड गेटबाहेर नेलं. येताना दीर म्हणाले, "दादा, हे कोणाच्याही हातून होतं." ते बिचारे मनापासून बोलले होते, पण ह्यांचे कान लाल झाले. समजूत घालायला तरी दुसरा कोणी यायला हवा होता.

मामंजी हे सगळं खुर्चीतून बघत होते. त्यांनी थोरल्याला हाक मारली, स्वतः काठी टेकून उठले आणि म्हणाले, "बस इथे."

"नको, बाबा. तुम्ही बसा."

"बस म्हणतो ना."

हे बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत आणि त्या झाडाखाली.

"काय दिसतं?"

"काय दिसायचं? आपलं दार."

"कोणाचं?"

"आमचं."

"तू सातला येतोस. आधी इकडे बघतोस, तोंड कडू करतोस, मग चपला काढतोस. दोन वर्षं रोज बघतोय मी. समोर बसल्याशिवाय दिसतं का माणूस?"

ह्यांनी मान खाली घातली. मी पदर तोंडाला लावला, कारण मलाही कधी सुचलं नव्हतं की खुर्ची कोणाच्या झाडाखाली आहे हे सगळे बघत होतो आणि तिचं तोंड कुठे आहे हे कोणीच नाही. डोळे भरून आले माझे. आणि तेवढ्यात आमच्या डॉक्टरांनी मान वर केली. चेहऱ्यावर तोच जुना जळफळाट.

"म्हणजे आमच्या झाडाखाली बसायचा ती दोन वर्षं तुम्ही ह्याचं दार बघत होता?"

"मग? तेव्हा त्याची पहिली पाळी होती. तीनला यायचा, दमून."

समोरून जाऊ इतक्या जोरात हसली की दीरही हसले, आणि शेवटी हेही. मी सगळ्यांत शेवटी हसले. मोठ्याने 'चहा घ्या' म्हणण्याची ती दोन वर्षं माझी होती, ह्यांची नाही.

विटा दुसऱ्या दिवशी ह्यांनीच उचलल्या. मग दिरांच्या झाडाखाली वाकून दोन बिया वेचल्या आणि त्या मुठीत धरून त्यांच्या दारात उभे राहिले. नर्सरीचे डॉक्टर बसच्या ड्रायव्हरला विचारत होते, "घेऊ का रे?" उपटलेल्या झाडाच्या जागी त्यांनी बोटाने खळगा केला. रोज सकाळी भरलेली झारी घेऊन तिथपर्यंत जातात, उभे राहतात आणि भरलेलीच परत आणतात. तेवढं करताना त्यांना किती त्रास होतो, ते मलाच ठाऊक.

दिरांची आता पुन्हा पहिली पाळी आहे. दुपारी ऊन उतरत आलं की मामंजी मला हाक मारतात, "सूनबाई, खुर्ची तिकडे घे. धाकटा यायची वेळ झाली." तिकडे म्हणजे आमच्या बाजूला, जिथे अजून सावली नाही, नुसती वीतभर काडी आहे. मी खुर्ची आणून तिचं तोंड समोरच्या दाराकडे करते. पण ठेवता ठेवता दर वेळी ती थोडी आमच्या दाराकडे तिरकी होते. मामंजी काही न बोलता ती सरळ करून घेतात.