खूण सांगून घेऊन जावी

भोंगेबाईंचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनाही ते वापरायची सवय राहिली नव्हती. बेट लहान. चालायला लागलं की जरा वेळात समुद्र आडवा यायचा, मग वळून परत यायचं. अशा गावात काही लपून राहत नाही म्हणतात, ते खरंच आहे. पण एकच गोष्ट दहा तोंडांतून दहा प्रकारे कळण्यापेक्षा ती सगळ्यांना एकदम, एकाच शब्दांत कळलेली बरी. म्हणून धक्क्यापासून दवाखान्यापर्यंत खांबांवर भोंगे बसवले होते, आणि त्या भोंग्यांमधून सकाळ-संध्याकाळ बोलायच्या त्या भोंगेबाई.

त्यांची जागा धक्क्यावरच्या तिकीट कचेरीच्या वर होती. बाहेरून लोखंडी जिना. आत टेबल, टेबलावर माइक, माइकवर रुमाल, कारण खारी हवा कशालाच सोडत नाही. समोर एक बाकडं. खिडकीशी शेगडी, किटली आणि कप, त्यातले दोन बिनकानाचे. मागच्या खोलीत सगळा संसार, म्हणजे एक पलंग आणि एक कपाट.

बातमी द्यायची तर घरच्या माणसाने स्वतः जिना चढून यायचं, असा नियम होता. चिठ्ठी चालायची नाही, निरोप चालायचा नाही. एकदा कोणा टवाळाने चिठ्ठी धाडून चांगल्या धडधाकट माणसाला मारून टाकलं होतं आणि तो माणूस स्वतःची बातमी ऐकत ऐकत जिना चढून भांडायला आला होता, तेव्हापासून हा नियम. भोंग्यावर बातमी तीन ओळींची असायची: अमक्यांच्या सुनेला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. बाकड्यावर तीच बातमी तासभर चालायची. कळा कधी सुरू झाल्या, सासूने काय गोंधळ घातला, मुलगी कोणाच्या वळणावर गेली आणि त्यावरून कोण रुसलं. भोंगेबाई चहा ठेवायच्या आणि मधूनमधून "अगं बाई!" म्हणायच्या. त्या तासातलं काय भोंग्यावर जायचं आणि काय पोटात ठेवायचं, ते त्यांना बरोबर कळायचं. जिन्याच्या आवाजावरून त्या माणूस ओळखायच्या. शिंपी एक पाय ओढत यायचा. पाववाली दोन-दोन पायऱ्या चढायची आणि वर आल्यावर धापा टाकत पहिलं वाक्य अर्धंच बोलायची.

भोंगे बसवले होते त्यांच्या नवऱ्याने. तो गावचा वायरमन. सगळं जोडून झालं तेव्हा बोलायला माणूस मिळेना, माइक बघितला की ज्याची-त्याची दातखीळ बसायची. शेवटी त्याने बायकोला उभं केलं. "घरात बोलतेस तसंच बोल," तो म्हणाला, "फक्त जरा हळू." हा विनोद तो पुढे आयुष्यभर करत राहिला आणि भोंगेबाई आयुष्यभर त्याच्यावर चिडत राहिल्या.

सहा वर्षांपूर्वी एका पहाटे तो गेला. दवाखान्यातली नर्स आली, तिने नाडी बघितली आणि मान खाली घालून परत गेली. तेवढ्यात सकाळच्या बातम्यांची वेळ झाली. बातमी घरच्या माणसाने द्यायची, आणि घरचं माणूस उरलं होतं एकच. भोंगेबाईंनी माइकवरचा रुमाल काढला. आधी बोटीची वेळ सांगितली. मग म्हणाल्या, "आपल्या गावचे वायरमन यांचं आज पहाटे निधन झालं. अंत्यविधी दुपारी होईल." त्यानंतर गॅसचे सिलिंडर कुठे उतरवलेत तेही सांगितलं.

आवाज जराही हलला नाही. गावाने त्याचं फार कौतुक केलं. दुपारी झाडून सगळे आले, जे करायचं ते रीतसर झालं, आणि संध्याकाळी भोंगेबाई पुन्हा माइकपुढे बसल्या. बाई मनाच्या खंबीर आहेत, असं त्या दिवशी ठरून गेलं. गावाने एकदा एखाद्याला खंबीर ठरवलं की त्याची काही धडगत नसते. त्यानंतर लोक जिना चढून येत, चहा पीत, आपापली सुखदुःखं सांगत आणि मोकळे होऊन उतरत. "आणि तुमचं कसं चाललंय?" असं कोणी विचारलं नाही. भोंगेबाईंनी मात्र उत्तर तयार ठेवलं होतं. कितीतरी दिवस त्या ते मनाशी घोळवत होत्या.

मग सगळ्यांच्या हातात फोन आले. फोनवर गावाचा ग्रुप झाला. मुलगी झाली की फोटोसकट कळायला लागलं, बकरी हरवली की बकरीचाही फोटो. नगरपालिकेचा कारकून एक दिवस खालूनच ओरडून सांगून गेला, "बाई, बोटीची वेळ तेवढी सांगत जा, बाकी ग्रुपवर येतंच!" त्यानेसुद्धा जिना चढायची तसदी घेतली नाही. बाकड्यावर धूळ बसायला लागली. भोंगेबाई ती रोज पुसायच्या. डब्यातली बिस्किटं मऊ पडली, ती त्यांनी एकटीने चहात बुडवून संपवली. काही दिवस तर असे जात की बोटीच्या वेळेशिवाय त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. आपण माणसात आहोत की खांबावर, असं त्यांना वाटायला लागलं.

एकदा जिन्याखाली एक किल्ली सापडली. त्यांनी भोंग्यावर सांगितलं, "एक किल्ली सापडली आहे. ज्याची असेल त्याने खूण सांगून घेऊन जावी." सापडलेल्या वस्तूची खूण भोंग्यावर कधी सांगायची नाही, हा दुसरा नियम. नाहीतर कोणीही उठून माझीच म्हणेल. किल्लीवाला धावत आला, खूण सांगितली, चहा प्यायला, घरच्या कटकटी सांगून गेला. भोंगेबाईंचा तो दिवस सोन्यासारखा गेला.

पुढच्या आठवड्यात त्यांना कात्री सापडली. ती त्यांच्याच कपाटात सापडली, एवढं त्यांनी भोंग्यावर सांगितलं नाही.

कोणी आलं नाही. मग लोकरीचा एक हातमोजा सापडला. मग चष्म्याची डबी. मग थर्मासचं झाकण. प्रत्येक वेळी त्या किटलीत पाणी घालून जिन्याकडे कान लावून बसायच्या. आपण खोटं बोलतोय याची लाज वाटायची, आणि कोणी येत नाही याचं त्याहून वाईट वाटायचं. गाव आपलं ऐकतच नाही, असं त्यांनी धरलं. शेवटी एका पावसाळी सकाळी त्यांनी दारामागची छत्री काढली. ती नवऱ्याची होती. तो गेल्यापासून त्या तीच वापरत. ती टेबलावर ठेवताना त्यांचा हात अडला, पण पावसात छत्रीला कोण नको म्हणेल, आणि खूण सांगितल्याशिवाय ती कोणाच्या हातात जायची नाही, असा हिशेब करून त्या बोलल्या, "एक छत्री सापडली आहे. खूण सांगून घेऊन जावी."

दुपारी जिना वाजला. अर्ध्यावर थांबला, पुन्हा वाजला. भोंगेबाईंनी ओळखलं, मास्तर. सगळी नोकरी खालच्या खिडकीत तिकिटं फाडण्यात घालवून मास्तर आता निवृत्त झाले होते आणि गुडघ्यांमुळे अर्ध्या जिन्यात दम खायचे. वायरमनचे ते जुने दोस्त.

"या, मास्तर. बसा," भोंगेबाई म्हणाल्या. "छत्रीसाठी आलात?"

"हो, म्हणजे... छत्रीचंच," मास्तर म्हणाले.

"मग खूण सांगा."

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं. "मुठीला वायरमन लोकांची काळी पट्टी गुंडाळलेली," ते म्हणाले. "एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. आणि उघडली की आत, खटक्याच्या वर, कापडाला जळल्याचा डाग. वाटाण्याएवढा."

भोंगेबाईंनी छत्री जवळ ओढली. खूण तंतोतंत होती. ही माझी आहे म्हणावं, तर भोंग्यावरून गावाशी खोटं बोलले म्हणून कबूल करावं लागणार. न म्हणावं, तर छत्री जाणार. त्यांनी छत्री उचलून मास्तरांच्या हातात दिली. मास्तर काहीतरी बोलायला गेले आणि न बोलताच उतरले. चहालासुद्धा थांबले नाहीत.

पुढचे दोन दिवस पाऊस होता. खिडकीतून भोंगेबाईंना ती छत्री धक्क्यावरून जाताना दिसायची. मास्तर ती उघडत नव्हते, काखेत धरून भिजत चालले होते. "वेडा झालाय की काय हा माणूस!" भोंगेबाई पुटपुटल्या. राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. कात्री-झाकणं गेली असती तर गेली असती. पण माणूस गेल्यावर घरात त्याच्या हाताचं म्हणून एवढंच राहिलं होतं, आणि ते त्यांनी एका कप चहाच्या सोबतीसाठी पणाला लावलं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बातम्यांना थोडा वेळ होता. जिना अर्ध्यावर थांबला आणि पुन्हा वाजला. मास्तर आत आले, छत्री टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, मला एक छत्री सापडली आहे."

"सापडली आहे?" भोंगेबाई उसळल्या. "माझी छत्री आहे ती! आमच्या ह्यांची!"

"ते मला माहीत आहे."

"माहीत होतं तर नेलीत कशी?"

"आलो होतो खरं बोलायला," मास्तर बाकड्यावर टेकले. "पण तुम्ही एकदम खूण सांगा म्हणालात. मी सांगून बसलो. मग तोंडातून शब्दच फुटेना. खोटं बोलायची सवय आहे हो मला, जन्मभर त्या खिडकीतून बोट वेळेवर आहे म्हणून सांगत आलो. पण हे खोटं पचलं नाही."

भोंगेबाईंना हसू येणार होतं, पण त्यांनी येऊ दिलं नाही. "बाकीचं गाव तर ऐकतही नाही," त्या म्हणाल्या.

"कोण म्हणतं? कात्री तुमची, सगळ्यांना ठाऊक होतं. तो हातमोजा तुम्ही धक्क्यावर घालून हिंडता. झाकण कुठल्या थर्मासचं, ते तर शिंप्याने बसल्या जागी सांगितलं."

"मग कोणी आलं का नाही?"

"येऊन काय सांगायचं? दुसऱ्याची वस्तू माझी म्हणायची? आणि बाई, ही तुमचीच हो, असं तुम्हाला तोंडावर सांगायला कोणाची जीभ रेटणार? सगळे आपले मूग गिळून बसले."

भोंगेबाईंचा चेहरा उतरला. गाव ऐकत नाही हे दुःख बरं होतं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. महिनाभर अख्ख्या गावाने त्यांचा एकटेपणा भोंग्यावरून ऐकला होता.

मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तो गेला त्या संध्याकाळीही मी आलो होतो. अर्ध्या जिन्यापर्यंत. वर तुमच्या बातम्या चालू होत्या, आवाज अगदी खणखणीत. मला वाटलं, वर कोणीतरी सोबतीला असेल. मी उतरलो. तेव्हापासून ते मनातून जात नाही."

"कोणी नव्हतं," भोंगेबाई म्हणाल्या.

मास्तरांनी छत्री जरा आपल्याकडे ओढली. "नियम म्हणजे नियम, वहिनी. तुमची असेल तर खूण सांगा. नुसता डाग आहे म्हणून चालणार नाही. तो पडला कसा, तेही सांगा."

भोंगेबाईंनी छत्री उघडली. खोलीत ती उगाचच मोठी वाटली.

"दवाखान्याजवळचा भोंगा वादळात पडला होता," त्या म्हणाल्या. "भर पावसात हे शिडीवर. तुटलेली तार वितळल्या कथिलाने जोडत होते, आणि मी खालच्या पायरीवर उभी राहून त्यांच्यावर छत्री धरली होती. धरली होती कसली, मी बोलत होते. काय बोलत होते देव जाणे. बोलता बोलता छत्री खाली आली आणि तापलेल्या कथिलाला लागली. मला म्हणाले, 'तुझ्या तोंडाने एक दिवस गाव पेटेल.' आणि इतके हसले, इतके हसले की शिडी हलायला लागली..."

त्या बोलत राहिल्या. मुठीची पट्टी कधी गुंडाळली, काडी कशी मोडली, शेवटच्या आठवड्यात तो काय काय खायला मागत होता आणि काय गिळता आलं नाही. सहा वर्षं तयार ठेवलेलं उत्तर होतं, ते काही तीन ओळींत मावणारं नव्हतं. मास्तर "असं?" आणि "मग?" एवढंच म्हणत होते. किटलीतलं पाणी उकळून उकळून आटलं. डोळ्यांना पदर लावायचंही त्यांना भान राहिलं नाही. माइक रुमालाखाली तसाच होता, आणि संध्याकाळच्या बातम्यांची वेळ कधीच टळून गेली होती.

बोटीची वेळ काय, प्रत्येकाच्या फोनवर होती. पण कानाला सवय असते. घरातलं घड्याळ बंद पडलं की जसं काहीतरी चुकल्यासारखं होतं, तसं पावाच्या भट्टीवर, दुकानात, धक्क्यावर लोकांना झालं. एकाने मान वर करून भोंग्याकडे बघितलं. दुसऱ्याने त्याच्याकडे बघितलं. वर बाई एकट्या असतात, हे सगळ्यांना एकदमच आठवलं.

जिना वाजला. दोन-दोन पायऱ्या, मागून ओढलेला एक पाय, आणि त्यामागे इतके पाय की भोंगेबाईंना कोणकोण ते ओळखता येईना. दारात पाववाली उभी राहिली, कोपरापर्यंत पिठाने भरलेली.

"मावशी, भोंगा... आवाजच नाही म्हणून..." तिला धाप लागली होती. "काय झालं?"

भोंगेबाईंच्या ओठांवर "काही नाही" आलं होतं. सवयीचं. त्यांनी उघड्या छत्रीकडे बघितलं, मग पाववालीकडे, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला.

"आमचे हे गेले गं," त्या म्हणाल्या.

त्याला सहा वर्षं झाली, असं कोणी म्हणालं नाही. पाववाली पिठाच्या हातांनीच त्यांच्याजवळ बसली, शिंपी दारातून आत सरकला, आणि मास्तरांनी उठून किटलीत पुन्हा पाणी घातलं.