कानसेनची साक्ष

उद्यान विभागात त्याला सगळे कानसेन म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरी घेणारा कारकूनही ते वाचताना अडखळायचा. झाडाच्या बुंध्यावर लाकडी मोगरी ठोकायची, कान लावायचा आणि झाड आतून भरीव की पोकळ ते सांगायचं, ही त्याची विद्या. झाडावर माणूस चढवायचा की नाही, हे तीस वर्षं त्याच्या कानावर ठरलं. त्याच्या शब्दावर चढलेला एकही माणूस पडला नाही. हे तो स्वतःच सांगायचा, आणि कुणी न विचारता सांगायचा.

तरी वृक्ष निरीक्षकाच्या जागेसाठी त्याने तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा तो परत आला. शैक्षणिक पात्रतेपुढे 'सातवी पास' लिहून त्याने अनुभवाची दोन पानं जोडली होती. कारकुनाने ती टाचणीसकट परत केली. "याला रकाना नाही हो," तो म्हणाला. मग मोगरी कुठून धरायची हेही ज्यांना विचारावं लागे, अशी माणसं त्याच्या डोक्यावर येऊन बसली. माणसाला हे लागतं. त्यालाही लागलं, आणि ते कधी गेलं नाही.

म्हणून त्याने एकुलत्या एका मुलीला त्याच वाटेला लावलं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, तोही परगावी. तिचं प्रमाणपत्र त्याने काच बसवून बाहेरच्या खोलीत टांगलं आणि आल्यागेल्याला पाणी विचारायच्या आधी ते दाखवलं. पोरगी त्याच विभागात निरीक्षक म्हणून रुजू झाली. पहिलं वर्ष कसोटीचं होतं. एक मोठी चूक झाली की नोकरी जाणार आणि प्रमाणपत्रही जाणार, असं नेमणुकीच्या कागदावरच छापलेलं होतं.

शिकून येताना तिने बाबांसाठी कानांवर घालायची जाड टोपणं आणली होती. "मशीनची करवत चालवताना घालायची असतात, बाबा. नाहीतर कान जातात. आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं."

"तीस वर्षं चालवली. गेले का?" बाप हसला. टोपणं खिळ्याला अडकवली गेली आणि तिथेच राहिली.

कान तेव्हाच गेले होते, फक्त त्याने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. तो समोरच्याच्या ओठांकडे बघायचा, आणि समोरच्याला बोलायची संधी नको म्हणून स्वतःच जास्त बोलायचा. स्वयंपाकघरातल्या हाकेला ओ मिळेना, तेव्हा बायको म्हणायची, "आता हे साहेब झाले, आम्हाला कशाला विचारतील?" कामावर तो बुरशी बघायचा, मुंग्या बघायचा, सालीचा रंग बघायचा आणि त्यावरून अंदाज बांधायचा. मोगरी नुसती दाखवायला. अंदाज बरोबर निघायचे. तीस वर्षं काही उगाच गेली नव्हती.

मुलगी नवं झाड तपासायला निघाली की बापाला बरोबर न्यायची. तो ठोकायचा, ती लिहायची. कागदावर सही तिची, पण तिच्या मनातला निकाल त्याचाच. लहानपणापासून तिने तेच पाहिलं होतं.

इस्पितळाच्या आवारात एक शिरीष होता. त्याची मोठी फांदी छपरावर झुकली होती, ती उतरवायची होती. चढणार होता दोरीवाला, कानसेनचा पहिल्या दिवसापासूनचा जोडीदार. मुलगी त्याला काका म्हणायची. तो फाटकापाशी दोर उलगडत बसला होता. तिने बारीक सुईचं यंत्र बुंध्यात घातलं. कागदावरची रेघ मध्येच खाली घसरली. तिने लिहिलं, 'चढू नये, शिडीची गाडी मागवावी.' मग बापाकडे पाहिलं.

"बाबा, यंत्र पोकळ दाखवतंय. तुम्ही ठोकून बघता का?"

त्याने तीन जागी ठोकलं. तिन्ही जागी सारखंच, म्हणजे काहीच नाही. साल स्वच्छ होती, मुंगी नव्हती, बुरशी नव्हती. 'बाळा, मला ऐकू येत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण भोवती सगळी टोळी उभी होती, समोर पोर होती, आणि मनात ती परत आलेली दोन पानं होती. त्याची जीभ रेटेना.

"भरीव आहे," तो म्हणाला. "तुझी सुई जुन्या भेगेत गेली असेल."

तिने आपला शेरा खोडला, 'चढण्यास योग्य' लिहिलं आणि खाली सही केली.

दोरीवाला दुसऱ्या बेचक्यापर्यंत पोचला होता. तिथेच झाड उभं फाटलं आणि दोरीसकट तो खाली आला. इस्पितळ हाकेच्या अंतरावर होतं म्हणून जीव वाचला. पाठ मात्र मोडली ती मोडलीच.

आठव्या दिवशी तो बोलण्याइतका सावरला. कानसेन स्टुलावर बसून होता. दोरीवाल्याने त्याला हाताने जवळ ओढलं आणि कानाशी तोंड नेलं.

"तुला ऐकू येत नाही, ते मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. वरून हाका मारायचो, तू ढिम्म. म्हणून तर मी दोरीला हिसके द्यायला लागलो."

"मग चढलास कशाला?"

"पोरीची सही होती ना. शिकलेली पोर. म्हटलं, तिने नीट तपासलं असेल." तो थोडा थांबला. "तुझ्या शब्दावर चढायचं मी कधीच सोडलं होतं."

कानसेनला हे सगळं स्पष्ट ऐकू आलं. तो तिथेच रडला, आणि दोरीवाल्याने त्याचा हात सोडला नाही.

चौकशीला त्याला बोलावलं नव्हतं. तो धुतलेला शर्ट घालून आपणहून गेला. मुलगी खाली मान घालून बसली होती.

"साहेब, पोरीने बरोबर लिहिलं होतं. मी भरीव म्हणून सांगितलं, म्हणून तिने खोडलं. मला ऐकू येत नाही. दोन-तीन वर्षं झाली."

मुलीने मान वर केली. तिला हे तेव्हा कळलं.

चौकशी समितीचा अध्यक्ष भला माणूस होता. त्याने आपला प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पुढे सरकवला. 'झाड तपासण्याचं प्रमाणपत्र तुमच्याकडे आहे?'

"नाही."

त्याने खाली आणखी लिहिलं. 'मग तुमचं मत आम्हाला नोंदवता येत नाही. सही ज्याची, जबाबदारी त्याची.'

जन्मभर त्याला वाटत होतं की आपला शब्द कागदावर यावा. त्याने दोन्ही हात टेबलावर टेकले. "चूक म्हणून तरी लिहा, साहेब."

अध्यक्षाने मान हलवली आणि पेनाचं टोपण लावलं.

महिन्याभरात निकाल आला. मुलीची नोकरी गेली. प्रमाणपत्र जमा करायचं होतं, म्हणून तिने ते भिंतीवरून उतरवलं, मागच्या पट्ट्या सोडवून काचेतून काढलं आणि पाकिटात घातलं. बाप दाराकडे तोंड करून बसला होता. तिने स्वयंपाकघरातून नेहमीसारखी हाक मारली. मग तिच्या ध्यानात आलं. ती बाहेर आली, त्याच्या समोर उकिडवी बसली, आणि ओठ नीट हलवत एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"बाबा. जेवायला. चला."