मधे तोडायचं नाही

बाजीराव भाऊंबद्दल कुणी वाईट बोललं की मला राग येतो, आणि चांगलं बोललं की त्याहून जास्त येतो. तेव्हा सांगायचंच असेल तर मीच सांगतो. मी शफी. नारायणगावात स्टँडसमोर माझं मोबाईल आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, अब्बांच्या वेळेपासून. एकतीस वर्षं त्या माणसाचा आवाज मी ऐकलाय, आणि ऐकायचाय का म्हणून मला कुणी विचारलं नव्हतं.

भाऊ स्टँडवर कंट्रोलर होते. सकाळी टेरिकॉटचा शर्ट, कपाळाला गंध, समोर माईक. "प्रवाशांनी लक्ष द्यावे" असं सुरू करायचे आणि शेवटी "कळावे" म्हणून माईक बंद. खिडकीशी येऊन कुणी काही विचारलं की त्याला तोंडी उत्तर नाहीच. माईक चालू करून सगळ्या स्टँडला ऐकवायचे, "जुन्नर गाडी कधी, असे विचारणाऱ्या लाल लुगड्याच्या बाईंनी फळा वाचावा. वाचता येत नसल्यास शेजारच्याला विचारावे. कळावे." ती बाई बिचारी पदर तोंडाला लावून खांबामागं जायची. आम्ही समोर दुकानात हसायचो. आत्ताच सांगून ठेवतो, आम्ही लई हसायचो.

रिटायर झाले आणि वारूळवाडीच्या घरी बसले. घरात बायको फुलाबाई, मुलगा रुपेश, सूनबाई आणि सहा वर्षांची नात आरोही. माईक गेला पण सवय कशी जाणार? ओट्यावर खुर्ची टाकून दिवसभर सूचना. फुलावहिनी तोंडातून "हं" काढायच्या, बास. कुणी दोन शब्द मधे टाकले की भाऊंचा हात वर जायचा, "मधे तोडायचं नाही. माझं वाक्य पुरं होऊ द्यायचं."

वहिनींनी एकच गोष्ट शिकून घेतली होती, मोबाईलचं लाल बटन. त्या ओढ्यापलीकडच्या उसाच्या रानात असल्या की भाऊंचा फोन जायचा, आणि वाक्य अर्ध्यावर असताना फोन कट. घरी आल्यावर म्हणायच्या, "रेंज गेली." ओढ्याच्या खालच्या अंगाला रेंज खरंच नसते, त्यामुळं भाऊंना सिद्ध काही करता येईना. आतल्या आत धुमसायचे.

मग गेल्या साली बिबट्या आला. म्हणजे असतोच तो आमच्याकडं, पण हा दिवसाढवळ्या बांधावर बसायला लागला. शेजारच्यांची दोन कुत्री नेली, एक शेळी नेली. वहिनी रोज दुपारनं गवताला जायच्या आणि शाळा सुटली की आरोही त्यांच्या मागं. नको म्हटलं तर रडून घर डोक्यावर घ्यायची, आजी म्हणजे तिचा जीव. रुपेशनं ठरवलं, ज्याला मोबाईलची रेंज लागतच नाही असं काहीतरी पाहिजे. बापलेक माझ्या दुकानात आले.

मी तीन प्रकारचे वॉकीटॉकी पुढं मांडले. पहिला पोरांच्या खेळण्यातला, रंगीत. रुपेशनं तो हातात घेऊन लगेच खाली ठेवला. दुसरा बरा होता, पण उसात त्याचा आवाज मरतो. तिसरा जाड, काळा, लायसन लागत नाही असा. खोक्यावर दहा किलोमीटर छापलेलं. मी म्हटलं, "रुपेश, खोक्यावर जाऊ नको. पुरुषभर ऊस उभा असताना एक किलोमीटर मिळालं तरी पुष्कळ झालं. तुमचं रान घरापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे, चालून जाईल." रुपेश बॅटरी किती टिकती, पाण्यात पडला तर काय, आईला जड होईल का, सगळं नीट विचारत होता. शहाणं पोरगं.

भाऊंनी एकच विचारलं. "मी बटन दाबून बोलत असताना समोरच्याचा आवाज येतो का?"

"नाही भाऊ. एका वेळी एकानंच बोलायचं. तुम्ही बटन सोडलं की मग समोरचा."

"आणि समोरच्याला मधे कट करता येतं?"

"कसं करणार? तुमचं बटन तुमच्या हातात."

भाऊंचं तोंड असं उजळलं की काय सांगू. म्हणाले, "हाच दे."

मी हसलो. हेही सांगतो.

रुपेशनं घरी नियम घालून दिला. रानातून सेटवर "बिबट्या" एवढा शब्द आला की कुणी प्रश्न विचारायचा नाही. ओट्यावर पिशवीत टांगलेली फटाक्यांची माळ पेटवायची आणि रुपेशनं मोटरसायकलवरून हॉर्न दाबत निघायचं. आवाजाला जनावर हटतं. एकदा करून पाहिलं, तीन मिनिटांत रुपेश बांधावर. वहिनींनी सेट कमरेला खोचला. वर्षानुवर्षं काही न मागणारी बाई मला म्हणाली, "शफीभाऊ, चांगलं दिलंत बगा. पोरीची काळजी मिटली."

आठ दिवसांत भाऊ तणतणत दुकानात. "हे काय दिलंयस शफ्या? मी बोलत असतो आन् मधीच टूंक करून बंद पडतो! वाक्याच्या मधी!"

बंद पडत नव्हता. त्या सेटला वेळेची मर्यादा असते. एक मिनिट सलग बटन दाबून ठेवलं की तो टूंक करतो आणि तुमचं बोलणं तोडतो. कशासाठी? तर समोरच्याला काही सांगायचं असेल, त्याला वाट मिळावी म्हणून. मला हे ठाऊक होतं. खोक्यातल्या कागदावर लिहिलेलंच असतं आणि मी तो कागद वाचलेला होता.

पहिल्यांदा मी म्हटलं, "भाऊ, थोडक्यात बोलत जा." दुसऱ्यांदा आले तेव्हा उद्या बघू म्हणून टोलवलं. तिसऱ्यांदा आले तो बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि हे काउंटरवर दोन्ही सेट आपटून सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवायला लागले की शफीनं सदोष माल दिला, कळावे. माझं टाळकं सरकलं. केबल लावली, कॉम्प्युटरवर दोन्ही सेटची ती मर्यादा काढून टाकली. दोन मिनिटांचं काम.

"कशाला व्हतं ते टूंक?" भाऊंनी विचारलं.

"बॅटरी वाचवायला," मी म्हटलं. समजावत बसायला मला वेळ नव्हता. खरं तर मला तो माणूस दुकानातून बाहेर जायला हवा होता.

त्यानंतर काय विचारता, माईकच परत मिळाला भाऊंना. माझ्याकडं त्याच जातीचा एक सेट तपासणीला ठेवलेला असतो. तो मी त्यांच्या चॅनेलवर लावून ठेवला. गंमत म्हणून. वारूळवाडी कितीशी लांब, त्यांचं रान तर आमच्याच अंगाला, स्वच्छ ऐकू यायचं. संध्याकाळी दादाभाऊ चहावाला ग्लास घेऊन यायचा आणि आम्ही ऐकत बसायचो. "फुलाबाईंनी लक्ष द्यावे. मोटार बंद करावी. काल खोंडाचा दोर सैल बांधला होता, तशी चूक पुन्हा होऊ नये. कळावे." आणि मग वहिनींचं एवढंसं, "हं."

दसऱ्यानंतरचा चौथा दिवस. पाच वाजले असतील, ऊन चांगलं होतं. भाऊ सुरू झाले. विषय दुधाच्या पातेल्याचा. झाकण नीट ठेवलं नाही, मांजरानं तोंड घातलं. तिथून ते वहिनींच्या विसरभोळेपणावर गेले, तिथून रुपेशच्या लग्नात हरवलेल्या नारळाच्या पोत्यावर, तिथून सासुरवाडीवर. दादाभाऊ मांडीवर थाप मारून म्हणाला, "आयला, आज लई रंगलेत, वाढव आवाज!" मी वाढवला.

भाऊंच्या आवाजाखाली सेट किरकिरत होता. बारीक, मधूनमधून, कुणी नखानं पत्रा खरवडावा तसं. मला वाटलं माझाच सेट जुना झाला. मी त्याला दोन चापट्या मारल्या. किरकिर चालूच. चार मिनिटं, जास्तच असेल, कमी नाही.

"...तरी इथून पुढे झाकण ठेवताना वर वजन ठेवावे. कळावे."

त्यांनी बटन सोडलं. आणि किरकिर होती तिथं वहिनींचा आवाज आला.

"अवं सोडा. बटन सोडा. अवं सोडा की वो. बिबट्या..." मग काहीतरी आपटलं. मग लांबून, बटन तसंच दाबलेलं पण सेट तोंडापासून लांब, "न्हेली. न्हेली माझी. न्हेली."

नंतर फटाके वाजले. पूर्ण माळ वाजली. माझ्या दुकानात सेटमधून ऐकू येत होती. दादाभाऊच्या हातातला ग्लास तसाच होता आणि मला त्याच्याकडं बघवेना.

वहिनींनी बिबट्या आधीच पाहिला होता. तो तीस पावलांवर उसाच्या सरीत बसलेला. वनखात्याची माणसं सांगतात तसंच त्यांनी सगळं केलं. वाकल्या नाहीत, पळाल्या नाहीत, पोरीला अंगाशी धरून ओरडत राहिल्या. एका हातात आरोही, एका हातात सेट. फटाके वाजले की तो उठून जाईल, या भरवशावर ती बाई चार मिनिटं उभी होती. जनावरसुद्धा चार मिनिटं थांबलं हो. नवरा थांबला नाही. मग बिबट्यानं बाजूनं येऊन पोरगी ओढली. एका हातानं किती धरून ठेवणार? आरोही चाळीस पावलांवर सापडली. त्याच्यापुढचं मी सांगणार नाही.

पंधरा दिवसांनी भाऊ दुकानात आले. दाढी वाढलेली, गंध नव्हतं, पण आवाज तोच. "सेट खराब व्हता, शफी. तुझ्या दुकानाच्या कागदावर तसं लिहून दे. रुपेश माझ्याशी बोलत न्हाई, सून माहेरी गेली. त्यांना दाखवायला कागद पायजे."

"सेट चांगला होता, भाऊ."

"मग हे काय?" त्यांनी आपला सेट पुढं केला. हिरवा दिवा लागलेला, आवाज काही नाही. "आठ दिवस झाले, सारखा असाच. मी बोलतो तर तिकडं पोचत न्हाई. बिघडलाय ना? बिघडलेलाच व्हता!"

मी सेट हातात घेतला. हिरवा दिवा सतत लागलेला असणं म्हणजे बिघाड नव्हे. समोरच्या सेटचं बटन कुणीतरी दाबून धरलेलं असतं. मी शटर ओढलं आणि त्यांच्यासोबत वारूळवाडीला गेलो.

फुलावहिनी ओट्यावर भाऊंच्याच खुर्चीत बसल्या होत्या. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. डाव्या हातात सेट, अंगठा बटनावर, नख पांढरं पडलेलं. रुपेश दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "जेवतानाबी सोडत न्हाई. बॅटरी उतरली की चार्जिंगला लावती, तेवढाच काय तो येळ."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. "चालतोय न्हवं, शफीभाऊ?"

"चालतोय, वहिनी."

"पयला त्यो टूंक करायचा. आता मी दिसभर दाबून बसते, एकदाबी करत न्हाई. कशापायी व्हतं ते?"

माझ्या जिभेवर बॅटरी आली होती. अल्ला जाणतो, आली होती. पण त्या बाईच्या तोंडावर ती बोलवेना. मी म्हटलं, "एकजण सलग बोलत राहिला तर त्याला तोडायला. दुसऱ्याला बोलता यावं म्हणून."

भाऊ मागून म्हणाले, "तू तर बॅटरी म्हणालास!" कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"किती येळानं तोडायचं?"

"एका मिनिटानं."

वहिनींचे ओठ हलले. चार मिनिटांत किती वेळा तुटलं असतं, ते त्या मोजत असाव्यात. मग म्हणाल्या, "काढलं कुनी?"

"भाऊंनी सांगितलं म्हणून..."

"काढलं कुनी?"

"मी."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "ह्यांना कागद पायजे ना? मग द्या लिवून. सेट चांगला व्हता म्हनून लिवा. खाली दोघांची नावं घाला."

माझ्या खिशात पावतीपुस्तक होतं. मी ओट्याच्या कडेवर ठेवून लिहिलं. सेट चांगला होता. एक ओळ, खाली बाजीराव, त्याखाली शफी. माझं अक्षर चांगलं आहे, त्या दिवशी पोराच्या हातचं वाटावं तसं आलं. वहिनींनी तो कागद भाऊंपुढं धरला.

"घ्या. वाचा सेटवर. तुमची सवयच हाय."

आणि त्यांनी अंगठा उचलला. भाऊंच्या हातातला हिरवा दिवा विझला. भाऊंनी सवयीनं बटन दाबलं, सेट तोंडाशी नेला, कागद डोळ्यांसमोर धरला. वहिनींच्या मांडीवरच्या सेटमधून त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. नुसता श्वास.

वहिनी थांबून होत्या. त्या मधे बोलल्या नाहीत.

मिनिट झालं, दोन झाली. तोडणारं कुणी नव्हतं, ते तर मीच काढून टाकलं होतं. रुपेश आत निघून गेला. वहिनी म्हणाल्या, "शफीभाऊ, तुमी बसा. ह्यांचं झालं की तुमाला वाचायचंय."