आगेऱ्याची वेदी आणि राजेळीचा लोंगर

मंगळवार, १० जून २०२५. सकाळी ६.१० ला उठले. दूध पाऊण तास उशिरा. कुकरची नवी रिंग बसवली, शिट्या ठीक. दुपारी बांगड्यांचं कालवण, कैरी घालून. बेसिल आगेऱ्याच्या वेदीबद्दल बोलून गेला. जरा वाद. त्यानंतर क्रिस्टिनाने माझं नाव फोनवरच्या बागकाम आणि पुष्परचनेच्या वर्गात घातलं. मी नको म्हटलं नाही. गुडघा बरा.

कॅथरीनबाई तुस्कानोंच्या वहीत ‘जरा वाद’ असं आलं, की तो चांगला तासभर झालेला असायचा. पाचवीत असताना कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरने रोज पाच ओळी लिहायला लावल्या, तेव्हापासून त्यांची रोजनिशी एक दिवसही चुकली नव्हती. लग्नाच्या दिवशीही त्यांनी लिहिलं होतं, आणि नवरा आलोशियस गेला त्या दिवशीही. पाच ओळींत मावत नाही ते लिहायचं नाही, हाही नियम सिस्टरचाच.

वाद असा होता. नंदाखालच्या चर्चची वेदी दर रविवारी एकेका विभागाने सजवायची, ही जुनी रीत. यंदाचा आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण, कॅथरीनबाईंच्या विभागाकडे आला होता. पण पूर्वी हे काम करणाऱ्या बायका एकेक करून थकल्या किंवा गेल्या, आणि सुना नोकरीला लागल्या. विभागाचा प्रमुख बेसिल बँकेतून निवृत्त झालेला माणूस. प्रत्येक गोष्टीला एक कागद आणि प्रत्येक कागदाला एक क्लिप, असा त्याचा कारभार.

“मी म्हणतो, डेकोरेटरलाच देऊन टाकू कायमचं,” तो म्हणाला. “जर्बेरा त्याचे, स्पंज त्याचा, माणसं त्याची. सकाळी येतो, लावतो, जातो. कोणाला त्रास नाही.”

“आगेऱ्याला जर्बेरा?”

“मग करणार कोण, कॅथरीनबाई?”

“मी करते.”

बेसिलने चष्मा काढून पुसला. “तुम्ही? बाग तर आलोशियसदादांची होती.”

हे खरं होतं, म्हणूनच झोंबलं. बावन्न वर्षांच्या संसारात झाडं आलोशियसची आणि वही कॅथरीनबाईंची, अशी वाटणी होती. कोणतं कलम कधी बांधलं, कोणत्या साली बावखलाचं, म्हणजे घरामागच्या तळ्याचं, पाणी एप्रिलातच आटलं, हे त्यांना तारखेसह सांगता यायचं. मातीत हात मात्र घातला नव्हता. आलोशियस जाऊन चार वर्षं झाली. केळी आणि हळद आपली आपण वाढत होत्या, पण घरासमोरच्या फुलांच्या वाफ्यात गवत माजलं होतं.

“बाग अजून तिथेच आहे,” त्या म्हणाल्या.

शेवटी ठरलं ते असं. आगेऱ्याच्या सकाळी सात वाजता बेसिल येऊन वेदी बघणार. झाली असेल तर विभागाची पाळी विभागाकडेच राहील. नसेल तर डेकोरेटरला फोन, आणि पुढच्या सगळ्या पाळ्या त्याच्या. बेसिलने हे कागदावर लिहून घेतलं आणि क्लिप लावली.

नात क्रिस्टिना कॉलेजला जाणारी, आतून सगळं ऐकत होती. बेसिल फाटकाबाहेर पडायच्या आत तिने वर्ग शोधला.

वर्ग घेणारी कृतिका सव्वीस वर्षांची होती आणि तुळिंजला चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होती. तिची सगळी बाग खिडकीच्या ग्रिलमध्ये मावायची. खालून भाजीवाल्यांच्या आरोळ्या, रिक्षांचे हॉर्न, मधेच शेजारणीचा मिक्सर, या सगळ्यातून ती शांतपणे कात्री कशी धरायची ते दाखवायची. कॅथरीनबाई पहिल्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून, कानात मोती घालून फोनसमोर बसल्या. फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला. कृतिका पडद्यावर आली तशा त्या उठून उभ्या राहिल्या.

“गुड मॉर्निंग, टीचर.”

इतर एकवीस बायकांना फक्त त्यांच्या साडीच्या निऱ्या दिसल्या.

“आजी, बसा ना! मला आजीच्या वयाच्या कोणी टीचर म्हटलं नाही अजून.”

“शिकवतेस ना? मग टीचरच,” कॅथरीनबाई म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

त्या सगळं लिहून घ्यायच्या. गुलाबाचं कलम किती खोल, निशिगंधाचा कंद किती अंतरावर, शेणखत किती पाट्या. फुलं मांडायची रीतही त्यांनी ठळक अक्षरांत उतरवली होती: आधी उंच, मग ठसठशीत, मग भरीचं. एकदा कृतिका म्हणाली, “अंदाजाने पाणी घाला,” तर यांनी हात वर केला. “टीचर, अंदाज म्हणजे किती तांबे?”

वर्गाची सगळ्यात जास्त गंमत वाटली ती लीलाला. लीला निर्मळ गावची. तिच्या घरची मोगऱ्याची मोठी वाडी, आणि शाळेत सहा वर्षं ती कॅथरीनबाईंच्या बाकावर बसलेली. मुलाच्या स्कूटरवर मागे बसून ती बघायला आली.

“फोनवरून बाग करतेस म्हणे! मग पाणीही फोनवरूनच घाल की. मला विचारायला तोंड दुखत होतं?”

“तुला विचारलं असतं तर तूच करून दिलं असतंस.”

“मग वाईट काय झालं असतं?”

“पाळी तुझी झाली असती, लीला.”

लीलाने वाफ्यातलं गवत उपटत उपटत थोडा विचार केला आणि तो विषय पुन्हा काढला नाही. मात्र कंद उलटे लावलेले तिला दिसले, ते तिने न बोलता सरळ केले. कॅथरीनबाईंनी त्या रात्री वहीत लिहिलं: कंद उलटे होते. आता सरळ.

ऑगस्टमध्ये झेंडू धरला, सप्टेंबरात निशिगंधाचे दांडे वर आले. आलोशियसने लावलेल्या दोन गुलाबांच्या जोडीला आणखी चार कलमं उभी राहिली. दसरा गुरुवारी झाला आणि आगेरा रविवारी, पाच ऑक्टोबरला. शनिवारी संध्याकाळी कॅथरीनबाईंनी फुलं कापली. अठ्ठावीस गुलाब, चाळीस दांडे निशिगंध, टोपलीभर झेंडू. देठ तिरके छाटले, बादल्यांत गळ्यापर्यंत पाणी. कृतिकाने सांगितलं होतं, रात्रभर फुलं घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या खोलीत ठेवा. तुस्कानोंच्या घरात अशी एकच खोली, मागची कोठी. बादल्या तिथे ठेवून त्यांनी दार घट्ट लावून घेतलं.

रविवारी पहाटे पाच वाजता दार उघडलं, तेव्हा पायाखाली काहीतरी मऊ लागलं. दिवा लावला. जमिनीवर गुलाबाच्या पाकळ्यांचा सडा. देठांवर नुसती हिरवी बोंडं. निशिगंधाच्या कळ्या पिवळ्या पडून माना टाकलेल्या, हात लावला की गळत होत्या. झेंडू तेवढा ढिम्म.

क्रिस्टिना डोळे चोळत आली आणि तिचा हात तोंडावर गेला. “आजी, उंदीर?”

“उंदीर पाकळ्या मोजून काढत नाहीत. टीचरला लाव फोन.”

कृतिका झोपेतच होती. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. क्रिस्टिनाने फोन खोलीभर फिरवला.

“पाणी स्वच्छ दिसतंय... खोली थंडच आहे... थांब, थांब. मागे कोपऱ्यात गवताखाली काय आहे?”

“केळी,” कॅथरीनबाई म्हणाल्या. “राजेळीचा लोंगर. बुधवारी पिकत घातला. आज चर्चमध्ये अर्पण करायचा आहे, अगदी बरोबर पिकलाय.”

“लोंगर म्हणजे किती केळी?”

“शंभरावर.”

कृतिकाने कपाळावर हात मारला. “आजी, पिकणाऱ्या केळ्यांतून एक वायू निघतो. बंद खोलीत त्याने फुलं भराभर म्हातारी होतात. गुलाब, निशिगंध तर लगेच. माझीच चूक, मी सांगायला हवं होतं. पण माझ्याकडे केळी अर्धा डझन येतात, फ्रिजवर राहतात. कोणाच्या घरात शंभर केळी झोपलेली असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही!”

“म्हातारी होतात?” कॅथरीनबाईंनी लोंगराकडे बघितलं. “तरीच. छप्पन्न वर्षं मी या भिंतीपलीकडे झोपतेय.”

क्रिस्टिना हसली आणि पाकळ्या गोळा करायला वाकली. कॅथरीनबाई लोंगराशेजारच्या पाटावर बसल्या. घड्याळात सव्वापाच. लीलाची फुलं चार वाजताच दादरच्या बाजाराला गेलेली असणार. सात वाजता बेसिल येणार, हातात फोन घेऊन. तो ओरडणार नाही, टोमणा मारणार नाही, फक्त कागदावर खूण करेल. आणि मग दर पाळीला सकाळी कोणीतरी येईल, लावेल आणि जाईल.

“आजी,” फोनमधून कृतिका म्हणाली, “तुमच्या वहीत बघा ना, मांडणीत काय लिहिलंय.”

वही बघायची गरज नव्हती. “आधी उंच, मग ठसठशीत, मग भरीचं.”

“त्यात गुलाब असं लिहिलंय का?”

कॅथरीनबाईंनी मान वर केली. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “क्रिस्टिना, कोयता आण. आणि बॅटरी.”

घरामागे बावखलाच्या काठाने केळी होत्या. तिथून त्यांनी न उलगडलेल्या कोवळ्या पानांच्या हिरव्या सुरळ्या कापल्या, पुरुषभर उंचीच्या. हे उंच. मग केळफुलं, जांभळी, हातात मावणार नाहीत अशी पाच. हे ठसठशीत. हळदीच्या वाफ्यात क्रिस्टिनाला नुसती पानंच दिसत होती. आजीने पानं बाजूला सारली, तेव्हा बुडाशी पांढरी-गुलाबी फुलं उभी होती. पलीकडच्या तुकड्यात भात पिवळं पडलं होतं, त्याच्या दोन पेंढ्या घेतल्या. झेंडू तर होताच. क्रिस्टिना एका हाताने बॅटरी आणि दुसऱ्या हाताने फोन धरून चालत होती, आणि कृतिका तुळिंजहून ओरडत होती, “देठ लांब ठेवा, देठ लांब! आणि केळफुलाचा चीक साडीला लावू नका!”

“लागला,” कॅथरीनबाई म्हणाल्या.

चर्चमध्ये सहाला पोचल्या. क्रिस्टिनाने फोन पहिल्या बाकावर प्रार्थनापुस्तकाला टेकवला. सुरळ्या मागे, एक उंच, एक तिच्याहून बुटकी. केळफुलं पुढे झुकलेली. कृतिका म्हणाली, “डावीकडचं थोडं खाली,” आणि कॅथरीनबाईंनी पहिल्यांदाच टीचरचं ऐकलं नाही.

“खाली नाही. ते तसंच लटकतं झाडावर.”

“बरोबर,” कृतिका म्हणाली. “तुमचंच बरोबर.”

साडेसहाला स्कूटर वाजली. क्रिस्टिनाने लीलाला फोन केला होता, हे कॅथरीनबाईंना तेव्हा कळलं. लीला पिशवी पोटाशी धरून दारात उभी. “उमललेला मोगरा आहे. बाजारात उमललेलं कोणी घेत नाही, तिथे कळ्याच लागतात. भरीला चालतो का तुझ्या टीचरला?”

“चालतो!” फोन ओरडला.

लीला दचकली. “अगं बाई, ही इथेही!”

मोगरा हळदीच्या फुलांभोवती गेला, भात दोन्ही बाजूंनी ओणवलं. सात वाजायला चार मिनिटं असताना बेसिल आला. एका हातात क्लिप लावलेला कागद, दुसऱ्यात फोन. तो मधल्या वाटेवर थांबला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“केळफूल? कॅथरीनबाई, हे तर भाजीचं.”

“हो.”

“वेदीवर?”

“आगेरा कशाचा सण आहे, बेसिल? शेताचा की जर्बेराचा?”

बेसिल जवळ गेला. एका सुरळीवर दवाचा थेंब होता, तो त्याने बोटाने पुसायला हात पुढे केला आणि मागे घेतला. “माझी आई भाताच्या पेंढ्या अशाच लावायची,” तो म्हणाला. “ओणव्या.” फोन त्याने खिशात टाकला. मग सवयीप्रमाणे कागद पुढे करून म्हणाला, “पुढची पाळी जानेवारीत. नाव कोणाचं लिहू?”

“विभागाचं लिही. आणि त्याखाली लिही, शिकायचं असेल त्यांनी शनिवारी दुपारी तुस्कानोंकडे यावं.”

“किती जण येतील?”

“अंदाजाने,” कॅथरीनबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन स्वतःच हसल्या.

मिस्सेच्या प्रार्थनेला चर्च भरलं. अर्पणाच्या वेळी राजेळीचा लोंगर दोघांनी उचलून वेदीपाशी नेला, तेव्हा लीलाने शेजारून कोपर मारलं. “लांब ठेवायला सांग त्यांना. मोगरा माझा आहे.”

संध्याकाळी कॅथरीनबाईंनी वही उघडली.

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५. आगेरा. वेदी वेळेत झाली, ६.५६. गुलाब आणि निशिगंध कोठीत गेले, कारण केळी. जानेवारीची पाळी विभागाकडे. लीला जेवायला थांबली. साडीला चिकाचे डाग, निघणार नाहीत. मिक्सरचं मोठं भांडं खालून गळतंय, वायसर बदलायला हवा.