सुमनताईंनी लिहून दिलेला रजेचा अर्ज

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कबड्डीच्या मैदानावर पाणी मारत होतो. त्यांचा भाचा बोलत होता. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली, आणि दवाखाना गाठायच्या आतच... पाइप टाकून तसाच सुटलो असतो, पण आधी ऑफिसात गेलो आणि रजेचा अर्ज लिहायला कागद मागितला. क्लार्क म्हणाला, "शकीलभाई, जा ना तुम्ही, अर्जाचं मंग पाहू." म्हटलं, "नाही बाप्पा, आज तं लिहूनच जातो." असं का, ते सांगायला महिनाभरानं हे लिहायला बसलोय.

वणीतल्या एका खासगी क्रीडा मंडळाचं मैदान मी राखतो. ताई तिथं मुलींना कबड्डी शिकवायच्या, वर्षावर्षाच्या करारावर. सामन्याआधी त्या चपला काढून अख्खं मैदान अनवाणी फिरायच्या. मी पहाटेपासून माती चाळून, रोलर फिरवून ते तयार ठेवायचो. मला राग यायचा. एकदा बोललोच, "ताई, माह्यावर भरोसा नाही काय?" त्या हसल्या. "भरोसा तुमच्यावर हाये भाऊ, जमिनीवर नाही. पोरींचे मायबाप त्यांना माह्या भरोशावर धाडतात." त्याच दिवशी त्यांच्या टाचेत बाभळीचा काटा रुतला. तो काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि पुढच्या कोपऱ्याकडं चालू लागल्या. बाई मोठी वस्ताद!

पुढं मलाच अपघात झाला. स्पर्धेसाठी दिव्यांचे खांब लावत होते. मी ओल्या मातीत उभा, आणि वायरचा जोड उघडा. डावा हात भाजला, तीन बोटं कायमची आखडली. भरपाई मागितली तर मंडळ म्हणालं, शकील आमचा नोकरच नाही, तो हौसेनं येतो. आता गंमत बघा, हे त्यांना मीच शिकवलं होतं! आदल्या वर्षी माझा सत्कार झाला. खांद्यावर शाल पडली, हातात माइक आला आणि मी छाती फुगवून बोललो, "मी पगारासाठी नाही, खेळाच्या प्रेमापायी येतो." काय टाळ्या पडल्या! आम्हा मैदानावरच्या माणसांची ही खोडच आहे, कुणी कामगार म्हटलं की कमीपणा वाटतो. त्यांच्या वकिलानं त्याच भाषणाचा व्हिडिओ कामगार न्यायालयात दाखवला. मी खाली मान घालून बसलो. हात गेलाच होता, आता हक्कही चालला होता, तोही माझ्याच तोंडानं.

साक्षीला कुणी येईना. ताई तयार झाल्या तर मीच अडवलं, "ताई, तुमचा करार जाईन." म्हणाल्या, "जाऊ द्या. शिट्टी तं माही हाये ना!"

मंडळाच्या वकिलानं ताईंना विचारलं, "हे गृहस्थ हौसेनं येत होते, बरोबर?"

"हौस होतीच साहेब," ताई म्हणाल्या. "पण ईदच्या दिवसासाठी यांनी रजा मागितली आणि मंडळानं ती माझ्यासमोर नाकारली. त्या दिवशी सामना होता. शिरखुर्मा तसाच टाकून हा माणूस रोलर ओढायला आला. हौशी माणसाला रजा मागावी लागते काय?"

निकाल लागला. मी कामगार ठरलो. भरपाई मिळाली, कामही टिकलं. ताईंचा करार मात्र पुढच्या वर्षी झाला नाही. त्या राळेगावकडच्या आपल्या गावी गेल्या आणि शाळेच्या मैदानावर पोरी तयार करू लागल्या. कधी भेटल्या तर कुरकुर नाही, उलट मलाच दटावायच्या, "भाऊ, वायरचे जोड पाहता ना?" अशी बाई माझ्या बाजूनं उभी राहिली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या टपरीवर त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि रजेच्या अर्जाचा नमुना लिहून दिला. "तोंडी रजा म्हणजे मेहेरबानी. लिहून मागत जा." तो कागद मी प्लास्टिकमध्ये घालून रोलरच्या खोलीत खिळ्याला टांगलाय. त्यात 'कारण' या शब्दापुढं ताईंच्या ठसठशीत अक्षरात आहे: खरं तेच लिहावं.

ताई गेल्या त्या दिवशी अर्जात कारण लिहिलं, 'सुमनताईंची मयत'. क्लार्क हळूच म्हणाला, "नातं लिहा लागते, शकीलभाई." पेन थांबला. बहीण लिहिलं असतं तरी खोटं नव्हतं... पण मी लिहिलं, 'माझ्या साक्षीदार'.