दाराबाहेरची गाणी

आल्फ्रेडभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी नव्या रायपुरात ऑफिसात होतो. फोन फिलोमिनावहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. "भैया, वो चले गए," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, निघतो. निघतो म्हटलं खरं, पण निघणार कशानं? स्टाफची बस संध्याकाळी, रस्ते हे एवढे रुंद आणि त्यावर एक रिक्षासुद्धा नाही. गेटसमोर भर उन्हात हात हलवत उभा होतो, मोठमोठ्या गाड्या सुर्रकन निघून जात होत्या. शेवटी एका सहकाऱ्यानं मोटारसायकल काढली. वाटेत त्यानं विचारलं, "कौन लगते थे आपके?" आता काय सांगणार, कपाळ! ना नात्याचे, ना जातीचे, ना धर्माचे. मी म्हटलं, "साथ में गाते थे."

छत्तीसगड राज्य नवीन झालं तेव्हा मी भोपाळहून फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर रायपूरला आलो. पुरानी बस्तीत खोली घेतली होती, ओळखीचं कुणी नाही. पुढच्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत तबला वाजवला, तर भजन संपल्यावर एक जाडजूड गृहस्थ पुढे आले. गळ्यात क्रूस, हातात प्रसादाचा द्रोण. "कोन्या गावचे, तबलेवाले?" म्हटलं, अमरावतीकडचा. "मंग त आपलेच! मी नागपूरचा, रेल्वेत आहो. आमच्या चर्चचा तबलेवाला बदली होऊन गेला, न् ख्रिसमसचे गाणे बसवाचे आहेत. येता का?" मी म्हटलं, "अहो, मी हिंदू माणूस, मले तुमचं काय येते?" "ठेका त येते ना? मंग झालं." असे हे आल्फ्रेडभाऊ. चर्चमध्ये पेटी वाजवायचे, गाणाऱ्यांचं कॉयर बसवायचे, आणि एकदा एखादा माणूस आपला म्हटला की त्याची सुटका नाही.

आणि मग तो खेळ! मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपली की कॉयरची मंडळी चर्चच्या मागच्या ओट्यावर चहाला जमायची. चहा येईपर्यंत भाऊ नुकत्याच गायलेल्या प्रार्थनेची चाल धरायचे आणि तिच्यात भलतेच शब्द घालून एक ओळ सोडायचे. समोरच्यानं त्याच चालीत, ठेका मोडायच्या आत, दुसरी ओळ द्यायची. नाही जमली तर पेटी उचलून कपाटात ठेवायची त्यानं. बाकीचे दमले, राहिलो आम्ही दोघं. संध्याकाळची एक प्रार्थना होती... "प्रभु, साँझ हुई, द्वार पे तेरे दीप लिए मैं आया, हाथ हैं खाली, मन है भारी, दे दे अपनी छाया." भाऊंनी तिचं केलं, "भाऊ, सांज झाली, दूधवाला तो कोण्या गल्लीत फसला?" मी तबल्यावर थाप मारून दिलं, "डब्बा है खाली, चूल है थंडी, पाव्हणा येऊन बसला!" ओटा हसून हसून आडवा. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मधूनच एखादं छत्तीसगढी 'हव', म्हणजे 'हो', ठेक्यावर टाकलेलं. फादरांची स्कूटर, कूलरचं पाणी, बिशपांच्या स्वागताला वाळलेली फुलं... कशाचं म्हणून गाणं केलं नाही आम्ही? वर्षानुवर्षं हे चाललं. चर्चच्या पुस्तकातली एकही चाल आमच्या तावडीतून सुटली नसेल.

पण एक कायदा होता, आणि तो त्यांचाच. हे सगळं दाराबाहेर. चर्चच्या उंबऱ्याच्या आत तसला एक शब्द चालायचा नाही. एकदा सरावाच्या वेळी मी सहज आतच दूधवाला गुणगुणलो, तर त्यांनी पेटीचा भाता दाबून धरला. "सुधाकर, इथं नाही. इथं मी मांगाले येतो." त्यांचा चेहरा पाहून मी तबल्यावरचे हात उचलले. हा माणूस प्रार्थना म्हणताना डोळे मिटायचा तेव्हा खरंच कुठेतरी पोचलेला असायचा. वहिनींना मात्र तो खेळ मुळीच आवडायचा नाही. त्या जशपूरकडच्या, भाविक बाई. घरी भाऊंनी चाल धरली की कढईत झारा आपटायच्या. "भगवान के गाने का मजाक उड़ाते हो, किसी दिन..."

मग दसऱ्याच्या सुमारास भाऊंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दिवसभर बोलणारा माणूस! पाणी हवं तर 'पा' सुद्धा निघेना. नुसतं पाहायचे, आणि समोरच्याला कळलं नाही की डावी मूठ गादीवर आपटायचे. समता कॉलनीतले डॉक्टर म्हणाले, "कधी कधी बोलणं जातं, पण गाणं राहतं. पाठ असलेलं काही त्यांच्यासमोर गाऊन बघा." वहिनींनी मला त्याच दिवशी बोलावून घेतलं. मी पलंगाशी बसून मांडीवर ठेका धरला आणि गायला लागलो, "प्रभु, साँझ हुई..." भाऊंचे ओठ हलले. वहिनी हात जोडून उभ्या. आणि आवाज आला हो! लख्ख, सुरात, एकेक शब्द स्वच्छ. "भाऊ, सांज झाली, दूधवाला तो कोण्या गल्लीत फसला..."

मी हसलो. देवाशपथ, आनंदानं हसलो. वाटलं, आले परत भाऊ! पण त्यांच्याकडे पाहिलं तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते जोरजोरानं मान हलवत होते. त्यांना ते म्हणायचंच नव्हतं.

तेव्हापासून आमचं एकच काम. वहिनींना दुसरं काही नको होतं. बरं व्हावं हेसुद्धा त्या म्हणत नव्हत्या. "भैया, बस एक बार सही वाला बोल दें. ऊपर जाकर क्या दूधवाले को पुकारेंगे?" मी ऑफिसातून परस्पर त्यांच्याकडे जायचो. पुस्तकातली एकेक प्रार्थना काढायचो. हळू गाऊन पाहिलं, चाल बदलून पाहिली, नुसती वाचून पाहिली. वाचलं की काहीच नाही, गायलं की आमचंच बाहेर. स्कूटर, कूलर, फुलं. वहिनींनी त्यांच्या गावाकडचं, उरांव आदिवासींच्या बोलीतलं भजन गाऊन पाहिलं. ते भाऊंना कधी येतच नव्हतं, ते नुसते प्रेमानं ऐकत राहिले. कधी तर भाऊंची दूधवाल्याची ओळ संपली की ते माझ्याकडे पाहायचे. मी दुसरी ओळ द्यावी की न द्यावी? दिली तर वहिनी पदर तोंडाला लावून आत जायच्या, नाही दिली तर ते एवढंसं तोंड करून वाट पाहत राहायचे. काय करावं माणसानं? तुम्हीच सांगा.

शेवटच्या आठवड्यात फादर आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन आले. कपाळाला लावलं, हातांना लावलं, प्रार्थना म्हटली. भाऊंनी डोळे मिटले, अगदी चर्चमध्ये मिटायचे तसे. आणि बारीक आवाजात, अतिशय मनापासून, त्यांनी दूधवाल्याची ओळ म्हटली. फादर म्हणाले, "आमेन." फाटकाशी वहिनींनी मला गाठलं. "फादर तो आमेन बोल दिए भैया, पर इन्होंने बोला क्या था?" मी म्हटलं, "वहिनी, त्यांच्या मनात तेच होतं. शब्द फक्त आमचे होते." "वो मैं जानती हूँ. ऊपर वाला जानेगा?" मी चतुर्थी करणारा माणूस. त्यांच्या देवाची हमी मी कुठून आणू?

दफनाच्या वेळी कॉयरनं ती प्रार्थना गायली, खऱ्या शब्दांत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी तबला वाजवला. कुणी चुकलं नाही.

मागच्या रविवारी त्यांच्या घरी गेलो होतो. रेल्वे लाइनीकडचं त्यांचं दोन खोल्यांचं घर, पलंग आता काढून टाकलेला, तिथली फरशी तेवढी वेगळी दिसते. मी खुर्चीवर बसलो, वहिनी आत चहाबरोबर भजी तळत होत्या, पाठमोऱ्या. इकडचं तिकडचं बोलणं संपलं. आणि मग आतून चाल आली. वहिनींचा आवाज कापरा, मराठी कच्चं, "भाऊ, सांज झाली... दूधवाला तो कोण्या गल्लीत..." ओळ पुरी करून त्या म्हणाल्या, "सही वाला गाती हूँ तो भगवान याद आते हैं, भैया. ये नहीं आते." मग मागे न वळता म्हणाल्या, "अब आपकी लाइन."

माझ्या बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरला होता. ओळ माझीच, मीच केलेली, शब्द न् शब्द येत होती. ठेका फिरून समेवर आला, पुन्हा फिरून आला. आत वहिनी झारा हातात धरून उभ्या होत्या, आणि माझं तोंड काही केल्या उघडेना.