बिनतोंड्याचा पिक्चर

आमच्या घरातून छप्पन साली, दीक्षा घेतली तेव्हा, देव गेले आणि त्यांच्या मागोमाग भूतंही गेली. माझे बाबा असंच सांगायचे. लिंबू, भानामती, अंगात येणं... यातलं काही मी लहानपणी घरात पाहिलं नाही आणि मोठेपणी मानलं नाही. शिवाय माझा धंदा लाऊडस्पीकरचा. अकोल्यात जठारपेठेत माझं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. कुठला आवाज कुठून येतोय, कुठे घुमतोय, कुठे खरखरतोय हे शोधण्यातच माझं आयुष्य गेलं. त्यामुळे 'तुम्हाला भास झाला असेल' असं ज्यांना म्हणायचं आहे त्यांनी इथेच थांबावं. आणि हेही आधीच सांगतो – मी हे रागात लिहितोय.

आम्ही मूळचे तिवशाचे. बाबा दिवसा कापसाच्या जिनात कामाला जायचे. पण कापूस निघाला, जत्रा सुरू झाल्या की हबीबसेठची तंबू टॉकीज यायची आणि बाबा तिच्यासोबत तिवसा, मोर्शी, पार वरूडपर्यंत फिरायचे. हबीबसेठकडे हिंदी पिक्चर होतेच, पण लोक वाट पाहायचे ती त्याच्या इंग्रजी, काळ्या-पांढऱ्या पिक्चरची. चंद्रावरून आलेली माणसं, प्रयोगशाळेत वेडे झालेले डॉक्टर, कबरीतून वर येणारा हात... तंबूत पोत्यावर बसून मी ते सगळे पाहिले. आजच्या रंगीत पिक्चरमध्ये रक्त बादलीनं सांडतं, पण त्या पांढऱ्या भिंतीवरून सरकत येणाऱ्या एका काळ्या सावलीची सर त्याला नाही. माझं हे मत कुणी बदलायला जाऊ नये.

आता त्यातलं इंग्रजी कोणाला कळायचं? कोणालाच नाही. हबीबसेठलाही नाही. म्हणून बाबा माइक घेऊन पडद्याच्या बाजूला उभे राहायचे आणि आख्खा पिक्चर वऱ्हाडीत सांगायचे. लोक त्यांना 'सांगणारे श्यामराव' म्हणायचे. इंग्रजी बाबांनाही येत नव्हतं. ते नुसते चेहरे पाहून गोष्ट लावायचे, आणि ती अशी लावायचे की खरी गोष्ट काय होती याची चौकशी कोणी कधी केली नाही.

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला कोणीतरी हुंकार द्यावा लागतो. समोरून 'हूं' आला नाही तर सांगणारा थांबतो. तंबूत तो मान माझ्या मायचा होता. ती बायकांच्या बाजूला, मधल्या दोरीला लागून बसायची. बाबा थांबले की ती मोठ्यानं विचारायची, "मंग?" की बाबा पुढे. पिक्चर संपला, पडदा पांढरा झाला तरी ती शेवटचं एकदा विचारायची, "मंग?" आणि बाबा माइकवरून म्हणायचे, "मंग काय? झालं. चाल वं घरी." सगळा तंबू हसायचा. ते ऐकल्याशिवाय कोणी उठायचं नाही, आणि माय तर नाहीच.

सगळ्यात गाजलेला पिक्चर होता बिनतोंड्याचा. खरं नाव मला आजही माहीत नाही. एका वावरात आभाळातून तबकडी पडते, तिच्यातून एक उंच प्राणी निघतो. त्याला तोंड नाही, म्हणून तो घराघरात शिरून माणसांचे आवाज घेऊन जातो. सकाळी उठून लोक तोंड उघडतात आणि काहीच निघत नाही. शेवटी सगळं गाव मुकं होतं आणि पिक्चर संपतो. पण बाबांनी हा शेवट कधीच सांगितला नाही. पडद्यावर मुकी माणसं रांगेत उभी असायची आणि बाबा सांगायचे की पाहा, आवाज परत आला, सगळे गप्पा मारून राहिले. बायकांना अंधारातून पायी घरी जायचं असायचं, त्यांना कशाला घाबरवायचं, असं ते म्हणत.

टीव्ही आला, तंबू गेला. मग बाबाही गेले. त्यांच्या आवाजाची एकही कॅसेट नाही. मुलगा लाऊडस्पीकरवाला आणि बापाचा आवाज नाही! कारण साधं आहे, टेपरेकॉर्डर घ्यायची आमची ऐपत झाली तोवर बाबा नव्हते. माय मात्र अधूनमधून म्हणायची, एकदा आयकायला भेटला असता.

त्यानंतर ती वर्षं आली. वऱ्हाडातल्या माणसाला ती कोणती हे सांगायला नको. चॅनेलच्या गाड्या आमच्या गावांत रस्ता विचारत फिरायच्या आणि कॅमेरे रडणारी बाई शोधायचे. पारावरची माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. त्यांची उदासी घालवायला बाहेरून मंडळी येऊ लागली. कोणी हसायचं शिबिर घेतलं, कोणी श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. पिकाच्या भावाचं तेवढं कोणी बोलत नव्हतं. अशातच निनाद नावाचे एक गृहस्थ आले. त्यांचं मोठ्या शहरात फिल्म मंडळ होतं. अमरावतीत जुन्या भयपटांचा आणि अवकाशपटांचा महोत्सव भरवायचा, गावागावांतून बस भरून लोक आणायचे, म्हणजे त्यांची मनं हलकी होतील – अशी योजना. हबीबसेठच्या पोरांकडून त्यांनी बिनतोंड्याची रिळं मिळवली. साउंडचं काम माझ्याकडे आलं.

मी फोनवर त्यांना बाबांबद्दल सगळं सांगितलं. ते म्हणाले, वा वा, सुरुवातीला त्यांचा उल्लेख करू, आईंनाही घेऊन या. मी मायला सांगितलं. त्या दिवशी ती ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून तिवशाहून एसटीनं आली आणि पहिल्या रांगेत बसली. नवऱ्याचं नाव एवढ्या मोठ्या हॉलमध्ये घेतलं जाणार, ते ऐकायला ती आली होती. दुसरं तिला काही नको होतं.

दुपारची वेळ, खिडक्यांना काळे पडदे. निनाद बोलायला उभे राहिले आणि बराच वेळ बोलले. त्या काळातले खेड्यातले भोळे प्रेक्षक रबराचा राक्षस पाहून कसे पळायचे, तबकडीची दोरी कशी दिसते, हे सांगून शहरातून आलेल्या पाहुण्यांना हसवलं. अहो, दोरी आम्हालाही दिसायची. दोरी दिसत असूनही भीती वाटते, त्यालाच तर पिक्चर म्हणतात! बाबांचं नाव त्यांनी घेतलंच नाही. ते खाली उतरल्यावर मी गाठून विचारलं. तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी बरंच शोधलं हो, पण सिनेमा सांगण्याच्या अशा प्रथेची कुठेही नोंद नाही. नोंद नसताना मंचावरून कसं बोलणार?"

नोंद नाही. माझी माय समोर बसली होती, नोंद म्हणून अजून काय पाहिजे होतं?

पिक्चर सुरू झाला. रिळांवरचा मूळ आवाज झिजून गेला होता, म्हणून निनादनी सीडीवर पियानोचं संगीत आणलं होतं आणि ते माझ्या अॅम्प्लिफायरमधून वाजत होतं. तबकडी दिसली, पाहुणे हसले. मी मायकडे पाहिलं. ती मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि अॅम्प्लिफायरची पिन बोर्डातून उपसून हातात घेतली. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. हॉलमध्ये फक्त प्रोजेक्टरची टरटर राहिली.

आणि मायनं मान वर करून विचारलं, "मंग?"

माझ्या हातात पिन होती. भाषणानंतर माइक पेटीत गेला होता, पेटीला कुलूप होतं. तरीही पडद्याच्या उजव्या बाजूनं, बाबा जिथे उभे राहायचे तिथून, आवाज आला.

"मंग काय, डाक्टरसायेब दुर्बीन लावून आभायाकडे पाहून राहिले. अन् मागं घरात काय घुसलं, त्याईले पत्ता नाही."

बाबांचा आवाज. भोंग्यातून यायचा तसा नव्हे, तर चुलीपाशी बसून बोलायचे तसा, आणि तरीही शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. मागे बसलेल्या गावच्या बाया एकदम हसल्या. त्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. निनादचे पाहुणे माना वळवून आवाज शोधू लागले. मी पडद्याकडे धावलो, मागे जाऊन पाहिलं. भिंत आणि एक झाडू. एवढंच होतं.

कुठे टेप वाजत असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही पहिल्यांदा तेच शोधलं. पण पुढचं ऐका. प्रोजेक्टर चालवणाऱ्यानं घाईत तिसऱ्या रिळाच्या आधी चौथं लावलं, आणि मग तिसरं. ज्याचा आवाज आधीच गेला आहे तो माणूस पडद्यावर फडाफडा बोलायला लागला. आणि आवाज म्हणाला, "थांबा बायाहो, घाबरू नोका. याईनं म्होरचं आधी लावलं अन् मंधातलं आता. हा गडी मुका झाला आहे, पन त्याले अजून मालूम नाही." रेकॉर्ड केलेल्या आवाजाला रीळ चुकलेलं कळतं का?

माय प्रत्येक ठिकाणी विचारत होती, बाबा सांगत होते. तिचा आवाज तरण्या बाईसारखा खणखणीत लागला होता. मी शोधाशोध सोडून तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. मला भीती वाटली नाही. मला नुसतं रडू येत होतं आणि रागही येत होता, की एवढी वर्षं घरी यायचं सोडून यांनी हीच जागा शोधली!

शेवट आला. मुकी माणसं रांगेत उभी. मी वाट पाहत होतो की बाबा आता आवाज परत आल्याचं सांगतील. माय म्हणाली, "मंग?"

मग आवाज आला, हळू.

"मंग काई नाही. बिनतोंड्यानं गावाचा आवाज नेला. कोनी परत आनून देल्ला नाही."

बाबांनी पहिल्यांदाच खरा शेवट सांगितला. मागच्या बाया हसल्या नाहीत. पडदा पांढरा झाला, दिवे लागले. मायनं शेवटचं विचारलं, "मंग?"

उत्तर आलं नाही.

ती पुन्हा विचारू लागली. लोक उठून गेले, बस सुटायची वेळ झाली, पोरं खुर्च्या गोळा करायला लागली, तरी ती बसून. 'चाल वं घरी' ऐकल्याशिवाय ती उठणार नव्हती. न राहवून मीच म्हणालो, "झालं माय. चाल घरी." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू नोको म्हनू," ती म्हणाली. "तुह्या म्हनन्यानं पिक्चर सरत नाही. त्याईले म्हनू दे." शेवटी मी तिला धरून उठवलं. त्या वेळी मला बाबांचा जेवढा राग आला, तेवढा त्यांच्या हयातीत कधी आला नव्हता.

दारात निनाद भेटले. चेहरा उजळलेला. म्हणाले, "ती वऱ्हाडी कॉमेंट्री अप्रतिम होती! आधी सांगायचंत ना. कॅसेट द्याल का? आमच्या संग्रहात नोंद राहील." म्हणजे आवाज त्यांनीही ऐकला होता. एकट्या आम्हा मायलेकांनाच ऐकू आला असं नाही. मी त्यांच्या हातात पियानोची सीडी ठेवली आणि पायऱ्या उतरलो. पुढे त्यांच्या मंडळाच्या अंकात छापून आलं की मंडळाने एक दुर्मीळ ध्वनिमुद्रण मिळवून ऐकवलं. त्यातही बाबांचं नाव नव्हतं.

त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, माय गेली. तिवशाच्या घरी, भावाकडे, भरदुपारी. आतल्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. वहिनी स्वयंपाकघरात. वहिनीनं तिला "मंग?" म्हणताना ऐकलं, पण ती त्या दिवसापासून अधूनमधून तसं म्हणायचीच, म्हणून लक्ष दिलं नाही. काम उरकून वहिनी आत आली तर माय भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटलेले. पायात चपला होत्या. आमच्या घरात चपला उंबऱ्याच्या आत येत नाहीत. मायनं जन्मात कधी घरात चपला घातल्या नाहीत.

मी वहिनीला विचारलं, तिच्या 'मंग'नंतर काही ऐकू आलं का? माणसाचा आवाज, काहीही? वहिनी रडत म्हणाली, "नाही भाऊजी. तेवढ्यात म्या मिक्सर चालू केलं होतं."

या सगळ्याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही. भूत मी आजही मानत नाही, आणि तो आवाज बाबांचा नव्हता असं कोणी म्हटलं तर मी भांडायला उठेन. दुकानात कोणी नसलं की मी कधीकधी मोठ्यानं "मंग?" म्हणून पाहतो. काही येत नाही. पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो त्या मिक्सरचा. लोडशेडिंगचे दिवस होते. सकाळपासून लाइट नव्हती, आणि नेमकी तेव्हाच आली.